पट अडतीस, हजर अडतीस

शाळेतला माझा पहिला दिवस होता आणि मी स्टाफरूममध्ये बसायला जागा शोधत होते. कोपऱ्यातल्या बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली फुगलेली पिशवी उचलून खाली ठेवली. मी बसले. नाव-गाव काही न विचारता त्यांनी पिशवीतून एक लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली.

"वाच."

मला वाटलं, यांच्या घरचं कार्य असेल. वाचून मी अभिनंदन म्हणाले.

"माझं कुणी नाय त्यात. गुलमंडीवरच्या छापखान्यातून आणलीय. काय कळलं ते सांग."

मी मराठीत एम. ए. केलेलं. वधूवरांची नावं, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता असं सगळं धडाधड सांगितलं.

"हे तर रिक्षावाल्यालाबी कळतं. नवरीबद्दल काय कळलं?"

नवरीबद्दल तिच्या नावापलीकडं काहीच छापलेलं नव्हतं. मी तसं म्हणाले.

"बघ की नीट. बापाच्या नावाआधी काय लिहिलंय?"

"कै."

"अन् आईच्या?"

तिथंही कै. होतं. ते अक्षर माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, पण मी ते वाचलं नव्हतं.

"आता खाली निमंत्रक कोण आहे ते बघ."

"मुलीचे मामा."

"मामानं वाढवली पोरगी. लग्नबी त्यानंच लावलं. एवढी मोठी गोष्ट कागदावर लिहिलेली, अन् तू मला मुहूर्त सांगायलीस!"

माझ्या पदव्या त्या दिवशी कपाटात गेल्या त्या गेल्याच. आणि पुढची चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या त्याच खुर्चीवर बसले, हे मी आजही मान वर करून सांगते.

सगळी शाळा त्यांना आपा म्हणायची. मुलंही, शिपाईही, पालकही. हजेरीपटावरचं त्यांचं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. त्या रोज खुलताबादहून एसटीनं यायच्या, पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या. सुती साडी, पायात मुलग्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला ती पिशवी. पिशवीत औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद असायचे, जुनी वीजबिलं असायची, बियाण्यांच्या पुड्या, मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तिका, निवडणुकीची पत्रकं, साडीच्या दुकानातल्या 'धुण्याच्या सूचना'. गुलमंडीवरचे दुकानदार त्यांच्यासाठी असले कागद बाजूला काढून ठेवायचे. एका कापडवाल्यानं मला विचारलंही होतं, "क्या मॅडम, आपा रद्दी का धंदा करते क्या?"

तो धंदा म्हणजे वाचन. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांना आधीच पाठ असतो, म्हणून त्यावर प्रश्न विचारणं म्हणजे स्वतःलाच फसवणं, असं त्या म्हणायच्या. वर्गात त्या बियाण्याची पुडी वाचायला द्यायच्या आणि विचारायच्या, "हे बी आज पेरलं तर चालंल का?" मुलं पुडीवरची मुदत, हंगाम, जमिनीचा प्रकार सगळं शोधून भांडायची. भांडण रंगलं की आपा फक्त दोन शब्द बोलायच्या. "उताऱ्यात दाखव." मग ज्याला दाखवता येईल तो जिंकला. हुशार असो, नसो.

हे दोन शब्द वर्गापुरते राहायचे नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक सर म्हणाले, "वरून आदेश आहे, शनिवारी सगळ्यांनी दुपारपर्यंत थांबायचं." आपा म्हणाल्या, "सर, आदेश वाचायला मिळंल का?" सरांनी कागद दिला. आपांनी शांतपणे वाचला आणि परत दिला. "दुपारपर्यंत कुठं लिहिलंय, उताऱ्यात दाखवा." तिथं लिहिलेलं नव्हतं. सर आधी रागावले, मग हसले, मग आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो. आणखी एकदा सरांनी फलकावर लावलं, 'उद्या सभा आहे. सर्वांनी उपस्थित राहावे.' आपांनी सातवीचा अख्खा वर्ग फलकासमोर उभा केला आणि मुलांकडून त्या दोन वाक्यांवर प्रश्न काढून घेतले. सर्वांनी म्हणजे कुणी? किती वाजता? कुठल्या खोलीत? आईला यायला सांगायचं का? सरांनी ऑफिसच्या खिडकीतून हे ऐकलं, आणि तासाभरात सहा ओळींची नवी सूचना लागली.

एकदा सहल वेरूळला ठरली, मंगळवारी. पत्रक मुलांच्या हातात पडलं, पैसेही जमा झाले. आपांच्या पिशवीत वेरूळचं एक जुनं माहितीपत्रक होतं, ते वर्गात फिरत होतं. पाचवीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "आपा, लेण्या तर मंगळवारी बंद असतात." सहल बुधवारी गेली. त्या चिमुरडीला आपांनी बसमध्ये पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा दिली आणि दिवसभर प्रत्येकाला सांगितलं, "हिनं वाचवलं बरं का आपल्याला."

उतारा वाचताना हात मागं बांधायचे, हा त्यांचा नियम. पेन्सिल बाकावर, हात पाठीशी, आणि उतारा शेवटपर्यंत एकदा वाचून झाल्याशिवाय प्रश्नांकडं बघायचं नाही. शिकवणीवाले मुलांना नेमकं उलटं सांगायचे. आधी प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडका, ती ओळ उतरवून टाका. आपांना त्याचा मनस्वी राग. "ते वाचणं हाय का? ते उवा शोधणं झालं. डोक्यात काय हाय ते बघायचं नाय, निस्तं केसात बोटं फिरवायची."

आणि 'नाय कळलं' हे त्यांच्या वर्गात बरोबर उत्तर होतं. फक्त कुठल्या शब्दापाशी कळेनासं झालं, त्यावर बोट ठेवावं लागायचं.

असं बोट ठेवणाऱ्यांत कावेरी पहिली. सातवीत होती. आई-वडील बांधकामावर, इमारत पूर्ण झाली की बिऱ्हाड दुसरीकडं. तीन शाळा बदलून आमच्याकडं आलेली. वाचताना तिचे ओठ हलायचे, बोट ओळीवरून गोगलगायीसारखं सरकायचं. बाकीच्यांचे प्रश्न सोडवून व्हायचे तेव्हा तिचा उतारा निम्माही झालेला नसायचा. मी वर्गशिक्षिका होते. मी एकदा आपांना म्हणाले, "कावेरीला वाचता येत नाही हो."

"हळू येतं. हळू अन् नाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बेटा."

आता त्या परीक्षेबद्दल. शहरातल्या मराठी शाळांच्या सातवीच्या मुलांसाठी एक संस्था दरवर्षी आकलन परीक्षा घ्यायची. सहा अनोळखी उतारे, त्यावर प्रश्न. हजर मुलांच्या गुणांची सरासरी काढून शाळांचे क्रमांक लावायचे. पहिल्या तिघांचे फोटो पेपरात यायचे. आदल्या वर्षी आमची शाळा तिसरी आली होती आणि ते कात्रण सरांनी ऑफिसात काचेखाली ठेवलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस आमच्या दारावरून जायच्या आणि दर जूनमध्ये आमच्या वर्गातली काही मुलं त्या बसमध्ये चढलेली असायची. पट आणखी घसरला असता तर तुकडी बंद झाली असती, आणि सगळ्यांत नवी म्हणून अतिरिक्त मी ठरले असते.

परीक्षेच्या दोन दिवस आधी सरांनी मला बोलावलं. एक चिठ्ठी पुढं सरकवली. सहा नावं होती. दुसरं नाव कावेरीचं.

"यांच्या घरी फोन करा. परवा यांना सुट्टी आहे म्हणून सांगा."

"पण सर..."

"मॅडम, गेल्या वर्षीही असंच केलं होतं. सगळेच करतात. सहा मुलांमुळं बत्तीस मुलांची मेहनत पाण्यात घालायची का?" मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. तुकडी टिकली तर तुमचाच फायदा आहे."

मी शिक्षणसेवक होते, तिसरं वर्ष चालू होतं. मी वर्गात जाऊन हजेरीपटातून नंबर काढले आणि सहा फोन केले. पाच घरांत कुणी काही विचारलं नाही. कावेरीच्या आईनं विचारलं, "बाई, काय चुकलं का तिचं?"

"नाही हो. सुट्टी आहे तिला."

"तिला एकटीलाच?"

"अजून काही जणांना आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांचा तास होता. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. तास सुरू होताच कावेरी उभी राहिली.

"आपा, उद्या मला सुट्टी कशाची आहे?"

"कुणी सांगितलं सुट्टी आहे?"

"बाईंनी आईला फोन केला होता."

आपांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत पाहिलं. वर्गात आणखी पाच हात वर आले, हळूहळू, एकमेकांकडं बघत. आपांनी ते पाच हात मोजले, "बरं, खाली घ्या" म्हणाल्या, आणि तास नेहमीसारखा घेतला. त्या दिवशी कुकरच्या शिट्टीबद्दलचं पत्रक होतं. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या शेजारी बसल्या.

"तू केलेस फोन?"

"हो."

"यादी सरांची?"

"हो. आपा, त्यांनी मला..."

"शाळा सुटल्यावर काय काम आहे तुला?"

"काही नाही."

"स्कूटी आणलीस ना? मग थांब."

एवढंच. शाळा सुटल्यावर त्या माझ्या मागं बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. "पहिलं घर कुठलं?" म्हणाल्या. तेव्हा मला कळलं. पहिल्या घराच्या दारात मी त्यांच्याकडं बघत राहिले, त्या बोलतील म्हणून. त्या दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"फोन तू केलास. सांगणारबी तूच."

मी सांगितलं. उद्या सुट्टी नाही, परीक्षा आहे, मी चुकीचं सांगितलं होतं, त्याला पाठवा. एका घरात आजोबांनी मला पाणी दिलं आणि "व्हतं असं" म्हणाले. एका घरात बाईनं दारातच सुनावलं, "काल एक, आज एक. तुमच्या शाळेत कुणाला काय माहीत असतं का नाय?" आपा मध्ये पडल्या नाहीत. मी पाच घरांत माफी मागितली आणि प्रत्येक घरानंतर ती मागणं थोडं सोपं होईल असं वाटत होतं. तसं झालं नाही.

शेवटचं घर कावेरीचं. हर्सूलच्या पुढं एक इमारत चढत होती, तिच्या तळमजल्यावर पत्रे लावून केलेल्या खोलीत ते राहायचे. आई चुलीपाशी होती, वडील हातपाय धूत होते. कावेरी विटांच्या ढिगावर बसून सिमेंटच्या रिकाम्या गोणीवरचा मजकूर वाचत होती, ओठ हलवत. दिवस मावळायला आला होता.

मी माझं वाक्य म्हटलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काल तसं का म्हणलात?"

पाच घरांत मी 'चुकून' म्हणाले होते. इथं ते तोंडातून निघेना.

"तिला कमी गुण पडतील आणि शाळेचा नंबर खाली जाईल, म्हणून," मी म्हणाले.

आईचा हात थांबला. वडील टॉवेल खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले. कावेरीनं गोणीवरचं बोट उचललं नाही, पण ती वाचत नव्हती. तिनं माझ्याकडं नाही, आपांकडं बघून विचारलं, "पडले कमी, तर?"

"पडले तर पडले," आपा म्हणाल्या. "पेपर तुझा आहे. तू वाच."

"पुरा नाय होणार माझा."

"जेवढा होईल तेवढा. पण खरा."

आपांची नेहमीची बस केव्हाच गेली होती. मी त्यांना मध्यवर्ती बस स्टँडवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी सर उभे होते आणि मुलांची रांग परीक्षाकेंद्राकडं निघत होती. त्यांनी रांग मोजली. मग आपांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"मॅडम, मी यादी दिली होती."

आपांनी पिशवीतून संस्थेचं पत्रक काढलं. "सातवीचे सर्व विद्यार्थी असं लिहिलंय, सर. सहा सोडून, हे उताऱ्यात दाखवा."

सर या वेळी हसले नाहीत. "तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त व्हाल. तुकडी गेली तर ही नवी शिक्षिका घरी बसेल. तिचा विचार केलात?"

आपांनी माझ्याकडं वळून पाहिलं, आणि त्या नजरेत काल दिवसभर नव्हतं ते होतं. माझी काळजी.

मी म्हणाले, "सर, सगळे जाऊ द्या. मी त्यांच्या घरी सांगून आलेय."

सरांनी रांगेकडं पाहिलं. मग बाजूला झाले.

परीक्षाकेंद्रावर शिक्षकांना आत सोडत नव्हते. आम्ही व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या राहून खिडकीतून बघत होतो. घंटा झाली, पेपर वाटले गेले, आणि शहरभरातल्या मुलांनी माना खाली घालून भराभर लिहायला सुरुवात केली. आमची अडतीस मुलं सोडून. ती ताठ बसली होती, पेन्सिली बाकावर, हात पाठीशी बांधलेले, आणि वाचत होती. पर्यवेक्षक गोंधळले. एक जण आमच्या एका मुलाजवळ जाऊन म्हणाला, "काय रे, लिही की. पेन नाही का?" त्या मुलानं उताऱ्यावरची नजर न काढता मान हलवली. मी आपांचा हात धरला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू ओळीनं अडतीस दिवे लागलेत.

महिन्याभरानं निकाल आला. आम्ही तिसऱ्यावरून अकराव्या क्रमांकावर गेलो होतो.

निकालाचा कागद सरांनी फलकावर लावला नाही. स्टाफरूममध्ये एक-दोघांनी "तरी सांगत होतो" असं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं. आपांनी ऑफिसातून तो कागद मागून घेतला, झेरॉक्स काढल्या आणि सातवीच्या वर्गात दोघांत एक अशा वाटल्या.

"आजचा उतारा. हात मागं."

मुलांनी वाचलं. शाळांच्या नावांसमोर रकाने होते. अकराव्या ओळीवर पोचताच चेहरे पडले. एक मुलगी रडायला लागली. आपांनी रडू दिलं.

"पुरा वाचून झाल्याबिगर बोलायचं नाय."

हळूहळू सगळ्यांनी डोकी वर काढली. एकच डोकं खाली होतं. कावेरीचं बोट अजून सरकत होतं, आडवं नाही, या वेळी उभं, वरून खाली. आपा थांबल्या. सगळा वर्ग थांबला.

"आपा," कावेरी उठली. "यात एक रकाना पटाचा आहे. अन् एक हजर मुलांचा."

"मग?"

"आपला पट अडतीस. हजर अडतीस." तिनं पुन्हा बोट वरून खाली नेलं, खात्री करायला. "दोन्हीकडं सारखा आकडा दुसऱ्या कुणाचाच नाय."

मग अडतीस जणांनी कागदांवर झडप घातली. एकेक जण आकडे ताडून बघू लागला. "पहिल्या नंबरवाल्यांचे नऊ कमी!" "ह्यांचे बघ, बारा!" मघाशी रडणारी मुलगी बाकावर उभी राहून ओरडत होती. एका मुलानं विचारलं, "आपा, म्हणजे त्यांनी मुलांना घरी बसवलं?"

आपांना ते ठाऊक होतं, मला तर होतंच. हो म्हणायला काय हरकत होती.

"उताऱ्यात नाय लिहिलेलं," आपा म्हणाल्या. "आजारी असतील, गावाला गेली असतील. आपल्याला म्हाईत नाय. जे लिहिलंय तेवढंच म्हणायचं."

"मग आपलं म्हणू का?"

"हौ. आपलं छापलेलं आहे. आपलं खुशाल म्हणा."

मुलांनी ते इतकं खुशाल म्हटलं की सर ऑफिसातून धावत आले. दारात उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात कागद दिला, दोन रकान्यांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवून निघून गेले. त्या आठवड्यातल्या पालकसभेत त्यांनी स्वतः फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पट ३८, हजर ३८'. खाली सही केली. फळ्यावर सही करणारे मुख्याध्यापक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कावेरीचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते, कामावरूनच आलेले. ते तो फळा बराच वेळ बघत होते.

कावेरीचे चारच उतारे झाले होते. त्यातल्या सगळ्या प्रश्नांत तिचं एक उत्तर चुकलं होतं. एकच.

आमची तुकडी टिकली आणि मी कायम झाले. त्या कागदामुळं झालं, असं मी म्हणणार नाही. तसं कुठं लिहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांच्या निष्ठेबद्दल, त्यागाबद्दल बरंच बोललं गेलं आणि त्या पहिल्या रांगेत अवघडून बसल्या होत्या. समारंभानंतर मी त्यांना खुलताबादच्या बसपर्यंत सोडायला गेले. त्या खिडकीत बसल्या. बस सुटायला वेळ होता. वर्षभर मनात होतं ते मी खिडकीखाली उभी राहून विचारलं.

"आपा, त्या दिवशी तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. माझा राग नव्हता आला?"

कंडक्टरनं घंटी दिली. आपा खिडकीतून वाकल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लई आला होता. पण रागवायला वेळ कुठं होता, बेटा? सहा घरं होती."